रात्रीची लाईट आणि पाणबुडीचा हिशेब

परभणी आणि मानवत रोडच्या मधल्या आमच्या पेडगावला समुद्राशी काही देणंघेणं नाही. तरी २००५ च्या आसपास भारनियमनानं शिकवलेला हिशेब मला पुढे पाणबुडीविषयी वाचताना कामी आला. शेतातल्या मोटारींना लाईट ठरावीक तासच, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्री उठून कोण जाणार, म्हणून ज्यानं त्यानं मोटार आपोआप सुरू करणारा ऑटो बसवलेला. लाईट आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू, आणि डीपी, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर, जळायची. शिव्या डीपीला. एकामागून एक मोटार लावू, असं मात्र कधी ठरलं नाही.

त्याच २००५ साली माझगाव डॉकमध्ये सहा स्कॉर्पीन पाणबुड्या बांधायचा करार झाला. डॉकला हे काम नवं नव्हतं. भारतात बांधलेली पहिली पाणबुडी, शल्की, तिथलीच. ती १९९२ मध्ये नौदलात गेली, शंकुल १९९४ मध्ये. मग बांधणीत मोठा खंड पडला.

१४ डिसेंबर २०१७ ला या सहातली पहिली, कलवरी, नौदलात दाखल झाली. तिच्या पोटात बॅटरीचे ३६० सेल, एकेक साडेसातशे किलोचा. नुसतं हेच ओझं २७० टन! डिझेल इंजिनाला हवा लागते, म्हणून खोल पाण्यात ते बंद. पंखा फिरवणारी मोटार, सोनार, दिवे, स्वयंपाक, सगळं त्या साठ्यावर. आणि वेग फार महाग: तो दुप्पट केला तर मोटारीची ओढ जवळजवळ आठपट. साठा उतरला की वर येऊन, हवेची नळी पाण्याबाहेर काढून इंजिनं लावायची. शत्रूला सापडण्याची भीती सगळ्यात जास्त तेव्हाच. म्हणून कोणता भार आधी तोडायचा आणि कोणता शेवटपर्यंत राखायचा, हे तिथे आधीच ठरलेलं असतं.

वर यायची ही पाळी लांबवण्यासाठी अंबरनाथच्या नौदल प्रयोगशाळेनं बाहेरच्या हवेविना हायड्रोजनपासून वीज करणारी इंधनघटाची (फ्युएल सेल) यंत्रणा घडवली. हायड्रोजन भरून न्यायचा नाही, पाणबुडीतच तयार करायचा, ही तिची खुबी. मार्च २०२१ मध्ये तिचा जमिनीवरचा नमुना चाचणीत उतरला. ती बांधून पाणबुडीत बसवायचा सुमारे १,९९० कोटींचा करार माझगाव डॉकशी झाला तो ३० डिसेंबर २०२४ ला. जेमतेम पंधरवड्यानंतर सहावी, वाघशीर, नौदलात आली. म्हणजे सहाही आल्या त्या इंधनघटाविनाच. आता तयार पाणबुडीचं पोट कापून इंधनघटाचा तुकडा मध्ये जोडायचा आहे.