हेक्टर : जनाची लाज आणि मनाची लाज

‘इलियड’चा नायक कोण, असा प्रश्न परीक्षेत आला तर आपण सारे ‘ॲकिलीज’ असे उत्तर लिहू आणि त्याचे पूर्ण गुणही मिळवू. काव्याचा आरंभच मुळी ॲकिलीजच्या क्रोधाने होतो. परंतु चोवीस सर्गांच्या आणि साडेपंधरा हजारांहून अधिक ओळींच्या या महाकाव्याचा शेवट मात्र ॲकिलीजच्या मृत्यूने होत नाही, ट्रॉयच्या विनाशानेही होत नाही. तो प्रसिद्ध लाकडी घोडा तर या काव्यात येतच नाही. काव्य संपते ते शत्रुपक्षाच्या एका राजपुत्राच्या अंत्यविधीने. ग्रीक कवीने ग्रीकांच्या शत्रूला एवढा मान द्यावा, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. तो राजपुत्र म्हणजे प्रायम राजाचा मुलगा हेक्टर.

ॲकिलीज देवीच्या पोटी जन्मलेला. तो रागावला की आपल्या जहाजांपाशी जाऊन बसतो आणि ग्रीक सैन्य मरू देतो. हेक्टरला रागावून बसण्याची सोय नाही. त्याचे म्हातारे आईवडील, बायको, तान्हे मूल आणि सारे गाव त्या एका तटबंदीच्या आत आहे. युद्ध त्याने ओढवून आणलेले नाही. ते धाकट्या भावाने, पॅरिसने, परक्याची बायको पळवून आणल्यामुळे पेटले आहे. निस्तरायचे मात्र थोरल्याने.

त्याचे गुण पाहायचे असतील तर सहावा सर्ग वाचावा. अथीना देवीला वस्त्र अर्पण करण्याचा निरोप आईला सांगण्यासाठी तो लढाईतून थोडा वेळ शहरात येतो. आई द्राक्षमद्य पुढे करते. तो नको म्हणतो, कारण त्याने अंगातले बळ जाईल, आणि रक्ताने माखलेल्या हातांनी देवाला नैवेद्य दाखवणे त्याला बरे वाटत नाही. हेलन बसायला सांगते, पण त्याला वेळ नाही. मग वेशीपाशी त्याची पत्नी अँड्रोमाकी दाईसह भेटते. दाईच्या कडेवरचे मूल बापाच्या शिरस्त्राणावरचा हलणारा तुरा पाहून घाबरते आणि रडू लागते. दोघेही हसतात. हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो आणि मग मुलाला घेतो. एवढ्या रक्तपाताच्या काव्यात हे एक पान असे आहे की, ते वाचून कोणालाही घरची आठवण व्हावी.

अँड्रोमाकी नुसती रडत नाही. तिचे वडील आणि सातही भाऊ ॲकिलीजने मारले आहेत. आई, बाप, भाऊ सारे आता तूच, असे ती म्हणते आणि त्याबरोबर चक्क युद्धनीती सांगते. जंगली अंजिराच्या झाडापाशी तट चढायला सोपा आहे, शत्रूने तिथे तीनदा प्रयत्न केला आहे, तेव्हा सैन्य तिथे उभे कर आणि तू आतून लढ. हा सल्ला मूर्खपणाचा मुळीच नाही. हेक्टर काय उत्तर देतो? एक तर, मी लढाईतून मागे राहिलो तर ट्रॉयच्या पुरुषांपुढे आणि स्त्रियांपुढे मला लाज वाटेल. आणि दुसरे, माझे मनही मला तसे करू देत नाही, कारण आघाडीवर राहून लढायलाच मी शिकलो आहे.

आपल्याकडे कोणी निलाजरेपणा केला तर ‘जनाची नाही तर मनाची तरी’ असे म्हणतात. हेक्टरच्या उत्तरात जनाची आणि मनाची अशा दोन्ही लाजा एकत्र आल्या आहेत. ग्रीक लोक या भावनेला ‘आयडोस’ म्हणत. लाज, भीड आणि मर्यादा हे तिन्ही अर्थ त्या एका शब्दात आहेत. ई. आर. डॉड्स या विद्वानाने १९५१ सालच्या आपल्या ग्रंथात होमरच्या समाजाला लज्जेवर उभी असलेली संस्कृती म्हटले, ते याच अर्थाने. अशा समाजात माणसाला पापाची भीती वाटत नाही, चारचौघांत मान खाली जाण्याची वाटते. हेक्टर नावारूपाला आला तो या लाजेमुळेच. पॅरिसला ती फारशी नाही, म्हणून ऐन लढाईत तो अंतःपुरात शस्त्रे पुसत बसलेला सापडतो.

परंतु हीच लाज पुढे त्याच्या मुळावर येते. येथे हेक्टरच्या एका सवयीकडे लक्ष द्यायला हवे. न बोललेले लोकांचे बोलणे तो मनातल्या मनात ऐकतो. पुढे गुलाम झालेल्या अँड्रोमाकीला पाहून कोणी तरी म्हणेल, ही हेक्टरची बायको. मुलाला पाहून कोणी म्हणेल, हा बापापेक्षा सवाई निघाला. सातव्या सर्गात तो ग्रीकांना द्वंद्वाचे आव्हान देतो तेव्हाही, आपण मारलेल्या वीराची समुद्रकाठची समाधी पाहून भविष्यातला एखादा खलाशी आपले नाव घेईल, असे त्याला दिसते. चौथा प्रसंग सर्वांत घातक आहे. तो बाविसाव्या सर्गात येतो.

त्याआधी अठराव्या सर्गात काय घडले ते सांगणे जरूर आहे. मधल्या काळात हेक्टरला यश मिळत गेले आहे. तो ग्रीकांच्या जहाजांपर्यंत पोचला, ॲकिलीजचा जिवलग पॅट्रोक्लस त्याच्या हातून मेला. (खरे तर अपोलोने आणि दुसऱ्या एका वीराने आधीच घायाळ केलेल्याला त्याने शेवटचा घाव घातला.) पॅट्रोक्लसच्या अंगावरचे ॲकिलीजचे चिलखत त्याने स्वतः घातले आणि प्रेताचे शिर तोडण्याची भाषा केली. सहाव्या सर्गातला हेक्टर आपल्याला येथे ओळखू येत नाही. आता ॲकिलीज परत येणार हे उघड झाल्यावर पॉलिडॅमस सांगतो की आज रात्रीच शहरात जाऊ आणि उद्या तटावरून लढू. हा पॉलिडॅमस हेक्टरच्याच रात्री जन्मलेला. एक बोलण्यात सरस, दुसरा भाल्यात, असे होमर सांगतो. हेक्टर त्याला झिडकारतो. कोंडून घेऊन अजून कंटाळा आला नाही का, असे विचारतो. सैन्य जयघोष करते, आणि कवी स्वतः मध्ये पडून त्या सर्वांना मूर्ख म्हणतो.

दुसऱ्या दिवशी कत्तल होते. उरलेले सारे वेशीतून आत पळतात. हेक्टर एकटा बाहेर. तटावरून प्रायम केस उपटून त्याला आत बोलावतो. आई छाती उघडी करून, या दुधाची तरी आठवण ठेव, म्हणून विनवते. हेक्टर हलत नाही. आत गेलो तर पॉलिडॅमस आधी बोल लावील. मग माझ्याहून हलका कोणी तरी म्हणेल की, हेक्टरने आपल्या बळावर भिस्त ठेवली आणि सगळ्यांना मारले. ट्रॉयच्या पुरुषांपुढे आणि स्त्रियांपुढे लाज वाटण्याची सहाव्या सर्गातली ती ओळ होमर येथे जशीच्या तशी पुन्हा वापरतो. मात्र तिच्या पाठोपाठ तेथे आलेले ‘माझे मन मला करू देत नाही’ हे येथे नाही. मनाची लाज गळून पडली आहे, जनाची तेवढी उरली आहे.

आणि हा जन तरी कोण? तटावर खरी माणसे उभी आहेत, ती आत ये म्हणून आक्रोश करत आहेत. हेक्टर त्यांचे ऐकत नाही. ज्याने अजून तोंडही उघडलेले नाही त्या कल्पनेतल्या निंदकाचे ऐकतो. आत जाऊन चूक कबूल करणे आणि शहर वाचवणे त्याला शक्य होते, निदान काही काळ तरी. गावाच्या रक्षणासाठी वाढवलेली अब्रू शेवटी गावाहून मोठी झाली. ॲरिस्टॉटलने शोकांतिकेच्या नायकाविषयी सांगितले ते अगदी हेच, की तो दुष्ट नसावा, परिपूर्णही नसावा, एखाद्या प्रमादाने कोसळावा. हेक्टरचा प्रमाद मात्र त्याच्या गुणाहून वेगळा काढून दाखवता येत नाही. मराठी वाचकाला येथे कर्ण आठवेल, पण कर्णाला दुर्योधनाचे ऋण फेडायचे असते. हेक्टरवर कोणाचे उपकार नाहीत.

पुढे ॲकिलीज जवळ येताच हा वीर पळत सुटतो. तटाभोवती तीन फेऱ्या, साऱ्या शहराच्या डोळ्यांदेखत. काहींना हा भित्रेपणा वाटतो. मला तर एवढा एकच क्षण असा वाटतो की, जेव्हा लोक काय म्हणतील याचा हेक्टरला विसर पडला आहे. शेवटी भाऊ डेइफोबस मदतीला आला असे वाटून तो थांबतो, आणि ते अथीनेचे सोंग होते हे भाला मागायला वळल्यावर कळते. त्याच वेळी घरी अँड्रोमाकीने त्याच्या स्नानासाठी मोठे भांडे विस्तवावर चढवायला सांगितलेले असते.

प्रायम खंडणी देऊन प्रेत परत आणतो तेव्हा पहाट झालेली असते. प्रथम कॅसँड्राला गाडी दिसते आणि ती हाक देते. मग ट्रॉयमध्ये एकही पुरुष, एकही स्त्री घरात राहत नाही. ज्यांच्यापुढे लाज वाटेल म्हणून तो आत आला नाही, ते सारे वेशीपाशी जमतात. अँड्रोमाकी, हेक्युबा आणि हेलन क्रमाने शोक करतात. इतक्या वर्षांत तू मला एकही कठोर शब्द बोलला नाहीस, असे हेलन म्हणते. पॉलिडॅमसचे नाव कोणी काढत नाही, आणि जे बोलणे हेक्टरने ऐकले होते ते कोणी बोलत नाही. नंतर नऊ दिवस ते चितेसाठी लाकडे वाहत राहतात.