परदेशातल्या देवळात आपण पाहुणे

अड्याळसारख्या धानाच्या पट्ट्यातल्या गावांतून शिकायला बाहेर पडलेली मुलं आधी नागपूरला, मग पुण्याला जातात आणि त्यातली काही पुढे डॅलस, मेलबर्न, दुबईला पोचतात. मग नातवंडाच्या निमित्तानं आईवडिलांचाही पासपोर्ट निघतो. जाण्याआधी हवामानाची, औषधांची चौकशी होते आणि त्यासोबतच हमखास विचारलं जातं, "तिथं देऊळ आहे का?" मोठ्या शहरांपुरतं तरी याचं उत्तर आता बहुतेक वेळा 'आहे' असंच येतं. पण ते देऊळ कोणी उभं केलं, कशावर चालतं आणि तिथं आपण कोण म्हणून पाऊल टाकतो, याची माहिती जाणाऱ्याला कोणी देत नाही. ती नसली की पहिल्याच भेटीत मन खट्टू होतं. "इथं गाभाऱ्यात जाऊ देत नाहीत", "दुपारी दार बंद होतं", "संकष्टीचा कार्यक्रम शनिवारी ठेवला" अशा तक्रारी घेऊन माणसं परततात.

यातली पहिली तक्रार सगळ्यांत महत्त्वाची, कारण तिचं मूळ आपल्या सवयीत आहे. महाराष्ट्रात देव आणि भक्त यांच्यात अंतर कमी. पंढरपूरला विठोबाच्या पायावर डोकं ठेवता येतं. गावच्या महादेवाच्या पिंडीवर आपण आपल्या हातानं तांब्याभर पाणी घालतो. मारुतीला तेल वाहायला कोणाला विचारावं लागत नाही. परदेशातली अनेक जुनी आणि मोठी मंदिरं मात्र तमिळ किंवा तेलुगू मंडळींनी, आगमशास्त्राप्रमाणे उभारलेली आहेत. तिथं दीक्षा घेतलेल्या अर्चकाशिवाय मूर्तीला कोणीही हात लावत नाही, मग तो भक्त कितीही मोठा असो. सिंगापूरच्या साउथ ब्रिज रोडवरचं श्री मारिअम्मन मंदिर १८२७ सालचं. तिथं हाच नियम. अशा देवळांत देवाच्या विश्रांतीची वेळ ठरलेली असते म्हणून दुपारी दार लागतं. यात कोणाचा अपमान नाही. मदुराईला गेलो असतो तरी हेच पाळलं असतं.

अमेरिकेचं चित्र थोडं वेगळं आहे. तिथलं पहिलं हिंदू मंदिर सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीनं १९०६ मध्ये बांधलं. त्यात येणारे बरेचसे अमेरिकन होते. भारतीयांनी भारतीयांसाठी बांधलेली मोठी मंदिरं यायला आणखी सत्तर वर्षं गेली. १९६५ मध्ये तिथला स्थलांतराचा कायदा बदलला, भारतीय डॉक्टर, इंजिनिअर मोठ्या संख्येनं गेले, त्यांची मुलं तिथं वाढू लागली आणि मग देवळाची निकड भासली. १९७७ च्या जून महिन्यात पिट्सबर्गजवळ पेन हिल्सला वेंकटेश्वराचं मंदिर उघडलं आणि ४ जुलैला न्यूयॉर्कच्या फ्लशिंगमध्ये गणपतीची प्रतिष्ठा झाली. या देवळांना ना इनामी जमीन, ना गुरवाचा वंशपरंपरागत हक्क, ना सरकारी देवस्थान समिती. ती सभासदांच्या वर्गणीतून चालणारी नोंदणीकृत संस्था असते. पार्किंग किती गाड्यांचं, आग लागली तर बाहेर पडायच्या वाटा किती, शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होईल का, या सगळ्याची उत्तरं नगर प्रशासनाला दिल्याशिवाय कळस चढत नाही. म्हणून पूजेचे दर फलकावर लिहिलेले असतात, पावती मिळते आणि मोठे उत्सव शनिवार-रविवारी होतात. आठवडाभर नोकरी करणारा माणूस तिथीला रजा आणणार कुठून? मला तर या वेळापत्रकात श्रद्धा कमी झालेली दिसत नाही. दोन तास गाडी चालवून आरतीला येणाऱ्या माणसाची श्रद्धा आपल्याहून कमी कशी म्हणायची?

फ्लशिंगच्या देवळात तळघरात भोजनालय आहे आणि तिथला डोसा न्यूयॉर्कभर नावाजलेला आहे. देवळात डोसा विकतात म्हणून नाक मुरडू नये. त्या पैशांचा देवळालाच आधार होतो.

एकाच छपराखाली अनेक देव, हेही आपल्याला नवं वाटतं. वस्ती थोडी असताना मराठी, गुजराती, तेलुगू, पंजाबी अशा सगळ्यांना आपापलं देऊळ परवडत नाही. मग बालाजी, राम-सीता, दुर्गा, शंकर, गणपती एकाच सभामंडपात आणि कधी बाजूला तीर्थंकरांची वेदी. पिट्सबर्गलाच वेंकटेश्वरापासून थोड्या अंतरावर मन्रोव्हिलमध्ये हिंदू-जैन मंदिर आहे. आपल्याकडे शेजारी राहूनही जी माणसं एकमेकांच्या देवळात सहसा जात नाहीत, ती तिथं एकाच ठिकाणी चपला काढतात.

लंडनच्या नीसडनचं स्वामीनारायण मंदिर बघायला पर्यटक म्हणून जाणारे पुष्कळ. ऑगस्ट १९९५ मध्ये ते उघडलं. बल्गेरियाचा चुनखडक आणि इटलीचा संगमरवर भारतात आणून घडवला आणि सव्वीस हजारांहून अधिक घडीव तुकडे पुन्हा लंडनला नेऊन जोडले. तिथं गुडघ्यावरचे कपडे चालत नाहीत, आत फोटो काढता येत नाही, पिशव्यांची तपासणी होते. प्रवेश मात्र सर्वांना खुला आणि विनामूल्य. अनेक मोठ्या देवळांत हेच नियम थोड्याफार फरकानं लागू असतात, तेव्हा निघण्यापूर्वी त्या दिवसाची वेळ पाहून घ्यावी.

आखातात जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिथली हिंदू वस्ती काल-परवाची नाही. बहारीनच्या मनामा शहरातलं श्रीनाथजींचं मंदिर सिंधमधून गेलेल्या ठठ्ठाई व्यापाऱ्यांनी सुमारे दोनशे वर्षांपूर्वी स्थापलं. मस्कतचं शिवमंदिरही जुनं. दुबईत जेबेल अलीचं मंदिर ऑक्टोबर २०२२ मध्ये खुलं झालं. तिथं सोळा देवता आहेत, गुरू ग्रंथ साहिब आहे आणि शेजारी गुरुद्वारा, चर्च. अबुधाबीचं दगडी मंदिर १४ फेब्रुवारी २०२४ ला उद्घाटन होऊन मार्चपासून सर्वांसाठी उघडलं. सात अमिरातींसाठी त्याला सात शिखरं आहेत. या जागा यजमान देशाच्या परवानगीनं उभ्या आहेत. देवळाच्या आवारात भजन, आरती, सगळं मोकळेपणानं होतं. आवाराबाहेर रस्त्यावर मिरवणूक किंवा घोषणा मात्र तिथला कायदा चालू देत नाही. पाहुण्याच्या एका उतावळ्या कृतीची किंमत तिथं वर्षानुवर्षं राहणाऱ्यांना मोजावी लागते.

आता दुसऱ्या प्रकारची देवस्थानं. इथं आपली माणसं गेलेली नाहीत. देव आणि विचार गेले आणि त्या मातीतल्या लोकांचे झाले. बालीत बहुसंख्य लोक हिंदू आहेत, पण त्यांच्या देवळात मूर्ती शोधत फिरलात तर हाती काही लागणार नाही. पद्मासन नावाचं उंच दगडी आसन असतं आणि ते रिकामं असतं. देव तिथं येऊन बसतो अशी भावना. पूजेनंतर तीर्थ देतात आणि ओले तांदळाचे दाणे कपाळावर लावतात. धान पिकवणाऱ्या माणसाला हा अक्षतांचा टिळा फार जवळचा वाटेल. आत जाताना कमरेला सारोंग आणि शेला बांधावा लागतो, पाळी चालू असलेल्या स्त्रियांनी येऊ नये असे फलक दाराशी असतात आणि पूजा चालू असताना आतल्या चौकात पर्यटकांना जाता येत नाही. 'आम्हीही हिंदूच' असं म्हणून वाद घालणारी आपली मंडळी असतात. तो वाद घालू नये. देऊळ त्या गावाचं असतं, तिथं ठरवण्याचा अधिकारही त्या गावाचा.

जपानमध्ये तर गणपतीच भेटतो. टोकियोच्या असाकुसा भागात मात्सुचियामा शोदेन नावाचं मंदिर आहे. तिथला देव कांगितेन, म्हणजे बौद्ध मार्गानं चीनमधून तिथं पोचलेला आपला विनायक. मूर्ती झाकलेली असते, दर्शन मिळत नाही, आणि भक्त वाहतात ते पांढरे मुळे. क्योतोत या देवाच्या नैवेद्याची एक मिठाई मिळते, पुरचुंडीसारखी वळून तेलात तळलेली. तिच्यात मोदकाचं रूप सहज ओळखू येतं. सरस्वती तिथं बेंझाइतेन झाली, आणि अग्नीत समिधा टाकून होणारा 'गोमा' हा आपला होम. हे पाहून "सगळं आपलंच, यांनी उचललं" असा अभिमान बाळगणं मला पटत नाही. हजार-बाराशे वर्षं ज्यांनी ते जीव लावून सांभाळलं, त्यांचंही ते तितकंच आहे.

ही गोष्ट आम्हा पवनी तालुक्यातल्या लोकांना खरं तर लवकर कळायला हवी, कारण आम्ही यजमान आहोत. अड्याळहून पवनीकडे गेलं की रुयाड-सिंदपुरीला महासमाधीभूमीचा महास्तूप आहे. भदंत संघरत्न माणके यांनी जपानमध्ये तेंदाई या बौद्ध परंपरेत शिक्षण घेतलं आणि जपानी उपासकांच्या साहाय्यानं हा स्तूप इथं उभा झाला. फेब्रुवारीतल्या धम्म महोत्सवाला जपानचे भिक्षू आणि उपासक येतात. आणि पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात सापडलेला स्तूप तर दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा. त्याचा व्यास सांचीच्या मोठ्या स्तूपाहूनही जास्त भरला. त्याच्या दगडी कठड्यावर ब्राह्मी लिपीत, प्राकृतात, दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. अमेरिकेतल्या देवळाच्या भिंतीवर देणगीदारांची नावं पाहून कोणाला ते दिखाऊ वाटलं, तर त्यानं पवनीचा हा कठडा आठवावा. सामान्य माणसांनी आपल्या कमाईतला वाटा देऊन धर्मस्थान उभारायचं आणि नाव कोरून ठेवायचं, ही रीत आपल्याच तालुक्यात इतकी जुनी आहे.

पवनीला आलेल्या परदेशी पाहुण्यानं चप्पल बाहेर काढावी, प्रार्थना चालू असताना कॅमेरा खाली ठेवावा, समजलं नाही तर विचारावं, एवढंच आपल्याला त्याच्याकडून हवं असतं. परदेशात आपल्याकडूनही तेवढंच हवं असतं.

गुरुद्वाऱ्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. परदेशात अनोळखी गावी अडकलेल्या माणसाला सर्वांत आधी दार उघडं मिळतं ते गुरुद्वाऱ्याचं. डोकं झाकायचं, चपला काढून आत जायचं, जमिनीवर बसून लंगर घ्यायचा. जात-धर्म कोणी विचारत नाही. लंडनच्या साउथॉलचा २००३ मध्ये खुला झालेला गुरुद्वारा मोठा आहे, पण लहान गावातल्या साध्या घरातल्या गुरुद्वाऱ्यातही हीच रीत. मराठी माणसानं तिथं संकोचू नये. गुरू ग्रंथ साहिबात आपल्या संत नामदेवांची एकसष्ट पदं आहेत. जेवण झाल्यावर मात्र थोडा वेळ भांडी घासायला बसावं. तिथं पैशापेक्षा त्या सेवेचं मोल जास्त.

सामानाबद्दल दोन शब्द. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला जाताना घरून पूजेसाठी नेलेला नारळ, फुलं, अक्षता, दुधाची मिठाई विमानतळावर लिहून जाहीर करावी लागते. लपवली तर दंड होतो, जाहीर केली तर फार तर काढून घेतात. नेपाळमध्ये पशुपतिनाथाच्या मुख्य मंदिरात चामड्याची वस्तू नेता येत नाही आणि हिंदू नसलेल्या सोबत्याला बाहेर थांबावं लागतं. बरोबर परदेशी सून किंवा मित्र असेल तर ही गोष्ट दारापर्यंत पोचण्याआधीच त्यांना सांगावी. ऐन वेळी त्यांना एकटं बाहेर उभं करणं वाईट दिसतं.

आणि शेवटी मॉरिशस. मधुचंद्राला, कंपनीच्या सहलीला आता कितीतरी मराठी जोडपी तिथं जातात. समुद्र बघतात आणि परततात. पण त्या बेटावर आपलीच माणसं राहतात. १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर राबायला भारतातून गिरमिटिये, म्हणजे करारानं बांधलेले मजूर, नेले गेले, त्यात कोकणातून मुंबई बंदरामार्गे गेलेली मराठी कुटुंबं होती. पोर्ट लुईला ज्या धक्क्यावर त्यांना उतरवलं, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. उतरताना नोंदवहीत लिहिलेलं पणजोबाचं नावच पुढे अनेकांचं आडनाव झालं. घरात क्रिओल बोलतात, पण आरती मराठीत म्हणतात. कोकणातली जाखडी तिथं 'झाकरी' म्हणून अजून नाचली जाते. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवली जाते आणि जुन्या गिरमिटियांच्या नोंदवह्याही तिथंच जपल्या आहेत. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. महाशिवरात्रीला लाखो लोक कावडी घेऊन पायी गंगा तलावाला जातात. पश्चिमेकडच्या कास्कावेल गावात विठ्ठल-रखुमाईचं मंदिर आहे.

 मळ्यातली पाळी संपल्यावर त्या लोकांनी हे सगळं उभं केलं आणि पुढच्या पाच-सहा पिढ्यांनी टिकवलं. तेव्हा मॉरिशसला जाणाऱ्यांना माझी विनंती आहे. सहलीच्या कार्यक्रमातली एक सकाळ कास्कावेलसाठी मोकळी ठेवा. तिथल्या माणसांशी मराठीत बोला; ती अडखळली तर हसू नका, थांबून ऐका. जाताना लहान मुलांसाठी चार मराठी पुस्तकं घेऊन जा.