जलूदचा पंप आणि देवगडची विहीर

आमच्या इंदुरातल्या ओट्यावर आरओ सुरू झाला की बारीक नळीतून वाया जाणारं पाणी बादलीत पडत राहतं. वहिनी त्यानं फरशी पुसतात. देवगडहून आलेल्या मावशी ते बघून म्हणाल्या, "हेच यंत्र आमच्याकडे समुद्राला लावलं तर?"

नाही चालणार. नर्मदेच्या पाण्यात लिटरमागे अर्धा ग्रॅमही क्षार नाहीत. (५०० मिलिग्रॅमच्या आतल्या पाण्याला आरओ लागतच नाही, पण हे वहिनींना कोण सांगणार!) समुद्रात ३५ ग्रॅम असतात. घरच्या यंत्राला हवेच्या पाच-सहापट दाब पुरतो, समुद्राला ५५ ते ७० पट लागतो. मावशींच्या विहिरीचं मात्र तसं नाही. मे महिन्यात ती मचूळ होते तेव्हा क्षार दोन-तीन ग्रॅम असतील, तर सौर पॅनेलवर चालणारा छोटा संच पुरे.

"वीज किती खाईल!" हा दुसरा धसका. चांगल्या प्रकल्पात समुद्राचं हजार लिटर पाणी गोडं करायला तीन ते चार युनिट लागतात. आता आपलंच बघा. १९७८पासून इंदूर नर्मदा पितं, जलूदहून, सत्तरेक किलोमीटरवरून. पात्रापेक्षा शहर सुमारे ४०० मीटर उंच. पंपाची तूट आणि घाटाची चढण धरली तर हजार लिटरला दीड-दोन युनिट सहज जातात. हे बिल जड झालं म्हणून तर महापालिकेनं फेब्रुवारी २०२३मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे काढून जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प हाती घेतला.

"ऊन फुकटच आहे, वाफ करा" हेही ऐकू येतं. काचेखालच्या साध्या सौर टाकीत चौरस मीटरमागे दिवसाला तीन-पाच लिटर पाणी निघतं, कारण हजार लिटरची वाफ करायला सहाशेहून जास्त युनिटांइतकी उष्णता लागते. नव्या बहुथरी उपकरणांची युक्ती इथेच आहे: वाफ थंड होताना जी उष्णता सोडते, तीच पुढच्या थराला तापवते.

लक्षद्वीपच्या कवरत्तीत २००५पासून वेगळीच रीत आहे. साडेतीनशे मीटर खोलीवरचं गार पाणी वर आणायचं आणि कमी दाबाखाली झालेली वाफ त्यानं थंड करायची. रोज एक लाख लिटर. कोकणात ते जमायचं नाही, तिथला समुद्र लांबवर उथळच आहे.

मावशींनी शेवटी बादलीकडे बोट दाखवलं. "आणि हे कुठे ओतायचं?"

समुद्राच्या शंभर लिटरमधून गोडं मिळतं चाळीस-पंचेचाळीस, उरलेलं दीडपटीहून खारट. ते खोल पाण्यात, दूरवर पसरवून सोडावं लागतं. जवळच्या खाडीत ओतलं, तर पहिली तक्रार कालवं काढणाऱ्या बायकांची येईल.