फरशीची गेलेली चकाकी

संगमरवरी फरशीवर लिंबाचा रस सांडला आणि तो वेळीच पुसला नाही, तर तेथे एक निस्तेज ठिपका उमटतो. साबणाने कितीही धुतला तरी तो जात नाही. असे का बरे व्हावे?

संगमरवर हा मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेटचा बनलेला असतो. रसातील सायट्रिक आम्लात त्याचा पातळ थर विरघळतो आणि गुळगुळीत पृष्ठभाग खडबडीत होतो. मग त्यावर पडलेला प्रकाश एका दिशेने परावर्तित न होता इतस्ततः विखुरतो. म्हणून चकाकी नाहीशी होते. ती परत आणायची, तर पृष्ठभाग पुन्हा गुळगुळीत करावा लागतो.

त्यासाठी पॉलिशच्या यंत्राला हिऱ्याचे बारीक कण बसवलेल्या चकत्या, म्हणजेच पॅड लावतात. त्यांवर ५०, १००, २००, ४००, ८००, १५००, ३००० असे क्रमांक असतात. क्रमांक जितका मोठा, तितके कण बारीक. ५० क्रमांकाचे कण सुमारे ०.३ मिलिमीटरचे, तर ३००० क्रमांकाचे कण ०.०१ मिलिमीटरहूनही लहान असतात.

आता गंमत पाहा. प्रत्येक चकती फरशीवर ओरखडेच पाडते! मात्र ते आधीच्या ओरखड्यांपेक्षा बारीक असतात. ५० च्या चकतीचे चरे १०० ची चकती घालवते, १०० चे २०० ची. शेवटी ते इतके उथळ होतात की डोळ्यांना दिसत नाहीत. मधल्या पायऱ्या गाळल्या, तर जाड चरे तसेच राहतात.

मग सुरुवात कोणत्या चकतीने करावी? त्यासाठी दोन गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली, दगड कोणता? फ्रीड्रिख मोस यांनी १८१२ मध्ये खनिजांचे कठिनतेनुसार १० क्रम लावले. त्यात कॅल्साइट ३, फेल्स्पार ६, क्वार्ट्झ ७ आणि हिरा १० वर आहे. संगमरवर, शहाबादी आणि कोटा या फरश्यांत प्रामुख्याने कॅल्साइट असते. पोलादी चाकूने त्यांवर सहज ओरखडा उठतो. ग्रॅनाइटमध्ये फेल्स्पार व क्वार्ट्झ असल्यामुळे तो फारच सावकाश झिजतो. म्हणून चकती त्या त्या दगडासाठी बनवलेलीच घ्यावी.

दुसरी, झीज किती खोल? चऱ्यात नख अडकत असेल, तर ५० किंवा १०० पासून आरंभ करावा. नुसता निस्तेजपणा असेल, तर आधी ४०० वापरून पाहावी. विनाकारण जाड चकती लावू नये, कारण घासून गेलेला दगड परत येत नाही.

हे तुम्हांला शाळेतही पडताळता येईल. शहाबादीचा एक तुकडा घ्या. पाण्यात चालणारे १२०, २२०, ४०० व ६०० क्रमांकांचे पॉलिशपेपर आणा. दगड ओला ठेवून अर्धा भाग क्रमाने घासा. प्रत्येक कागदाला दिशा काटकोनात बदला आणि आधीचे ओरखडे पूर्ण गेल्यावरच पुढचा कागद घ्या. उरलेला अर्धा भाग १२० नंतर एकदम ६०० ने घासा. मग दोन्ही भाग भिंगातून पाहा.

दगड कोरडा मात्र कधीही घासू नका. दगडाच्या धुळीतील सिलिकाचे सूक्ष्म कण वर्षानुवर्षे श्वासातून फुप्फुसांत गेले, तर सिलिकोसिस हा असाध्य रोग जडतो. पाण्यामुळे ही धूळ उडत नाही. तुमच्या घरी फरशी घासायला येणाऱ्या कामगारालाही हे अवश्य सांगा.