पदवी वैद्याची, काम कारकुनाचे

साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता पूर्ण करून नोंदणीकृत झालेला वैद्य जेव्हा प्रथम नोकरीत रुजू होतो, तेव्हा त्याच्या हाती काय येते, हा प्रश्न आम्ही उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या अनेक तरुण व्यवसायबंधूंना व भगिनींना विचारत आलो आहोत. कोणी म्हणाले, फाईल. कोणी म्हणाले, संगणकाचा पासवर्ड. मुरूड तालुक्यातील एक वैद्या हसत म्हणाल्या, "शिबिराचा बॅनर. दोरीसकट." पुढे ज्या सविस्तर हकिकती कानी आल्या, त्यांत मात्र हसण्याजोगे फारसे नव्हते. साहेबांसाठी चहा सांगून आणणे, झेरॉक्स काढून आणणे, टपाल तालुक्याला पोहोचविणे, दौऱ्याच्या दिवशी दाराशी उभे राहून पाहुण्यांची नावे लिहून घेणे ही कामे वैद्यांच्या वाट्याला येतात आणि वैद्यांपेक्षा वैद्यांच्या भगिनींच्या वाट्याला अधिक येतात. एकाच दर्जाचे दोन अधिकारी असतील तर चहाचे सांगणे कोणाला होते, हे वाचकांना आम्ही वेगळे सांगावयास नको.

या तक्रारीचा विचार करताना प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हाताने करावयाचे कोणतेही काम आमच्या शास्त्राने हलके मानलेले नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला जो उपदेश केला आहे, त्यात गुरूसाठी लागणाऱ्या वस्तू आणून देण्याचाही समावेश आहे. वनस्पती ओळखून आणणे, सुकविणे, कुटणे, वस्त्रगाळ करणे, खलात दिवसेंदिवस घोटणे ही सर्व कामे आमच्या आधीच्या पिढ्यांनी स्वहस्ते केली. अलिबाग-रेवदंड्याकडील जुने वैद्य पुड्याही स्वतः बांधत. परंतु पुडी बांधता बांधता ते मात्रा सांगत, अनुपान सांगत, पथ्य विचारीत आणि रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहत. त्या हस्तकौशल्यातच चिकित्सा चालू असे. म्हणून "हे काम माझ्या पदवीला शोभत नाही" एवढ्यावरच आमची तक्रार उभी असेल तर ती दुबळी आहे, आणि समोरचा वरिष्ठ ती गर्व म्हणून झटकून टाकतो. तक्रारीचा भक्कम पाया निराळा आहे: या कामाच्या वेळात बाहेर बाकावर रुग्ण बसलेला असतो.

चतुष्पादाचा विचार येथे उपयोगी पडतो. वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण या चार पादांचे प्रत्येकी चार गुण चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात सांगितले, आणि त्यांत वैद्याला प्रमुख स्थान दिले ते मानासाठी नव्हे. बाकीचे तीन पाद कोणी योजावयाचे, हा तेथला मुद्दा आहे. कुंभार नसेल तर माती, दांडा आणि चाक यांचे मडके होत नाही, असा दृष्टान्त त्यांनी दिला आहे. कुंभारालाच माती वाहण्यास लावले आणि चाक रिकामे ठेवले, तरी परिणाम तोच.

सांप्रत या प्रश्नाची सर्वांत मोठी रणभूमी आरोग्य उपकेंद्र ही आहे. २०१८ साली केंद्र शासनाने आयुष्मान भारत योजनेखाली देशभरात दीड लाख आरोग्यवर्धिनी केंद्रे उभारण्याचे जाहीर केले; २०२३ मध्ये त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर हे नाव मिळाले. सपाट प्रदेशात सुमारे ५,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात सुमारे ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, अशी मूळ रचना आहे. तेथे आरोग्यसेविकेच्या जोडीला समुदाय आरोग्य अधिकारी हे नवे पद आले. परिचारिकांबरोबरच आयुर्वेद पदवीधरांनाही सहा महिन्यांचे सामुदायिक आरोग्याचे प्रशिक्षण देऊन या पदावर घेण्यात आले. महाराष्ट्रातील भरतीच्या जाहिरातींत मासिक २५,००० रुपये मानधन आणि १५,००० रुपयांपर्यंत कामावर आधारित मोबदला असे त्याचे स्वरूप होते. शेकडो वैद्यांना या पदाने गावात राहून उपजीविका दिली, हे कृतज्ञतेने नोंदविले पाहिजे. तेथे त्यांच्या स्वतःच्या शास्त्राला किती वाव मिळतो, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

खरी मेख त्या 'कामावर आधारित' शब्दांत आहे. काम झाले हे ठरते ते पोर्टलवरील नोंदीवरून. असंसर्गजन्य रोगांचे पोर्टल, क्षयरुग्णांसाठी निक्षय, दूरस्थ सल्ल्यासाठी ई-संजीवनी, आभा खाती, आयुष्मान कार्डे, लसीकरणाच्या नोंदी, साथरोगांचे साप्ताहिक अहवाल, आणि या सर्वांचे छायाचित्रासह पुरावे व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर. खाडीकाठच्या एखाद्या गावात मोबाईलची रेंज मिळविण्यासाठी टेकाडावर जाऊन उभे राहावे लागते, आणि पोर्टल नेमके महिनाअखेरीस मंदावते. मग दुपारी रुग्ण तपासणारा वैद्य रात्री घरी नोंदी भरत बसतो, किंवा उलट घडते: सकाळी नोंदी भरल्या जातात आणि रुग्णाला "उद्या या" असे सांगितले जाते. दुसरा पर्याय मोबदल्याच्या दृष्टीने अधिक शहाणपणाचा ठरतो. ही व्यवस्था कोणा एका अधिकाऱ्याच्या दुष्टाव्यातून निर्माण झालेली नाही, आणि म्हणूनच ती अधिक चिवट आहे.

रायगडच्या किनाऱ्याचे एक उदाहरण देतो. तीस वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब, मधुमेह व कर्करोगाच्या संशयासाठी तपासणी अपेक्षित आहे. आशाताई घरोघर जाऊन तिचा प्रारंभिक तक्ता भरतात. परंतु कोळीवाड्यातील तीस-चाळिशीचा पुरुष हंगामात घरी सापडतच नाही. तो नौकेवर असतो, किंवा पहाटे मासळी उतरवून दुपारी झोपलेला असतो. म्हसळा-श्रीवर्धनच्या गावांतील त्याच वयाचे पुरुष मुंबईला असतात आणि गणपतीला व शिमग्याला येतात. गावातील वैद्याला हे वेळापत्रक तोंडपाठ असते. उद्दिष्टाच्या तक्त्याला ते ठाऊक नसते. दर महिन्याचा आकडा पुरा करण्यासाठी मग जे घरी असतात त्याच वृद्धांची आणि स्त्रियांची पुन्हा पुन्हा मोजणी होते. खारवलेली सुकी मासळी रोज खाणारा, रात्ररात्र जागणारा, मद्याची सवय जडलेला जो खलाशी खऱ्या अर्थाने तपासावयास हवा, तो सुटतो. कारकुनी कामाचा भार वाढला की पहिला बळी अशा विचाराचा जातो. आकडा कोणीही भरू शकतो. कोणाला केव्हा गाठावे हे ठरविण्यासाठी वैद्य लागतो, आणि तेवढा उसंतीचा वेळ त्याच्यापाशी उरत नाही.

खासगी रुग्णालयांकडे वळू. जिल्ह्यातील व नवी मुंबईतील कित्येक रुग्णालयांचा रात्रपाळीचा डोलारा आमच्या पदवीधरांच्या खांद्यावर उभा आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने चालते. योजनेत रुग्णाच्या कागदपत्रांसाठी आरोग्यमित्र हे पद मुद्दाम निर्माण केले गेले, ही दूरदृष्टीच म्हणावी लागेल. तथापि रुग्णालयाच्या बाजूने पूर्वमंजुरी, छायाचित्रे, विमा कंपनीच्या शंकांची उत्तरे हा सारा पसारा 'वैद्यकीय समन्वयक' या भारदस्त नावाखाली बहुधा एखाद्या वैद्यावर सोपविला जातो. आमच्या परिचयातील एक वैद्य अशा पदावर दोन वर्षे होते. त्या काळात एकही रुग्ण त्यांनी स्वतंत्रपणे तपासला नाही. नोकरी सोडून स्वतःचा दवाखाना काढल्यावर पहिले काही महिने नाडीवर बोट ठेवताना मन बिचकत असे, असे त्यांनी सांगितले. ज्याने कर्म वारंवार पाहिले आहे, तोच वैद्य, असा शास्त्राचा आग्रह आहे. दोन वर्षे केवळ कागद पाहिल्यास ते दृष्टकर्मत्व गंजते.

येथे कोणी असा अर्थ काढू नये की लिहिणे म्हणजेच कारकुनी. रायगडमध्येच याचे झगझगीत उदाहरण आहे. महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात रुजू झालेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या शेजारी बसून घाम, नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. त्या नोंदींतून १९८२ साली आणि पुन्हा १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये लेखन प्रसिद्ध झाले, प्राझोसिन या औषधाचा उपयोग जगापुढे आला आणि कोकणातील असंख्य मुलांचे प्राण वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते आधुनिक वैद्यकाचे. पण धडा सर्वांसाठी एकच आहे. त्यांच्या वहीतील प्रत्येक ओळ रुग्णाला पाहून लिहिलेली होती आणि पुढच्या रुग्णासाठी होती. एखादी नोंद आपण करावी की नाही, याची याहून चांगली कसोटी आम्हाला सुचत नाही.

आता औषधनिर्माते आणि औषधी दुकानदार वाचकांशी थोडे स्पष्ट बोलतो. १८७२ साली पनवेल येथे वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी धूतपापेश्वरची स्थापना केली, तेव्हापासून या जिल्ह्याला औषधनिर्मितीची परंपरा आहे. आयुर्वेदीय औषधांच्या उत्पादनाचा परवाना देताना कायद्याने पूर्णवेळ, अर्हताप्राप्त तांत्रिक व्यक्तीची अट घातली आहे. ती अट पुरी करण्यासाठी वैद्य नेमला जातो, आणि परवाना भिंतीवर लागला की त्याला बिले, वाहतुकीच्या पावत्या, प्रदर्शनातील स्टॉल आणि वसुलीचे दूरध्वनी यांना जुंपले जाते. तांत्रिक व्यक्ती तंत्राखेरीज सर्व काही करते!

यात मालकाचेच नुकसान कसे होते, ते पाहावे. अवलेहाची तार येणे, पाण्यात टाकलेला थेंब न पसरता बुडणे, तैलपाकात फेस येणे आणि घृतपाकात तो शमणे, कल्काची वात करून अग्नीवर धरल्यास ती तडतड न करणे, ही लक्षणे काही क्षणांचीच असतात. मध्यम पाकाचा खर पाक व्हावयास फार वेळ लागत नाही. त्या वेळी वैद्य कढईपाशी हवा. तो कार्यालयात पाठवणीची यादी टंकीत बसला असेल, तर कढईपाशी उभ्या असलेल्या कामगाराने रंग पाहून अग्नी काढला काय किंवा न काढला काय, बॅचच्या कागदावर सही वैद्याचीच होणार. भस्म वारितर व रेखापूर्ण झाले की नाही, हे न पाहता केलेल्या सहीचे उत्तरदायित्वही त्याच्यावरच येते. बॅचची नोंद स्वतः लिहिणे हे मात्र कारकुनी काम नाही. ते टाळणाऱ्या वैद्याची बाजू आम्ही घेणार नाही.

काही जण विचारतील, आपत्तीच्या वेळी काय? ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले, आणि तेही कोविडची साथ भरात असताना. तेव्हा वैद्यांनी पत्रे उचलले, पाण्याच्या टाक्यांत औषध टाकले, याद्या केल्या. कोणी पदवी दाखविली नाही आणि दाखवावयासही नको होती. आपत्तीत सर्वांचे काम सर्वांचे असते. तक्रार आहे ती रोजच्या मंगळवारी-बुधवारी आपत्तीचा नियम लावण्याची.

शिक्षकांना या बाबतीत आमच्यापेक्षा भक्कम आधार आहे. बालकांच्या शिक्षण हक्काच्या २००९च्या कायद्यातील कलम २७ने दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना शिक्षणबाह्य कामास लावण्यास मनाई केली आहे. ती पुरेशी पाळली जाते असे कोणताही शिक्षक म्हणणार नाही. परंतु बोट ठेवावयास एक कलम तरी आहे. वैद्यासाठी तसे काही नाही. त्यामुळे त्याचा आधार म्हणजे नेमणुकीचे पत्र, आणि बहुतेक पत्रांच्या शेवटी "वरिष्ठांनी वेळोवेळी सांगितलेली इतर कामे" अशी एक ओळ असते. रुजू होतानाच त्या ओळीपुढे "रुग्णतपासणीची वेळ सोडून" एवढे तीन शब्द घालण्याचा आग्रह धरावा, असे आमचे तरुण बंधुभगिनींना सांगणे आहे. मुलाखतीच्या वेळी हे मागणे जड वाटते. सहा महिन्यांनंतर ते अशक्य होते.

जे आधीच नोकरीत आहेत त्यांनी भांडण्याऐवजी महिनाभर एक साधी वही ठेवावी: दिनांक, वेळ, कोणते काम सांगितले गेले, त्यास किती मिनिटे लागली आणि त्या वेळी बाहेर किती रुग्ण थांबले होते. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. स्वतःच्या अपमानाचे वर्णन करणारा अर्ज वरिष्ठ बाजूला ठेवतो. थांबलेल्या रुग्णांचा आकडा त्यालाही वर उत्तर देण्यासाठी लागतो. चहाच्या बाबतीत वहीची गरज नाही. पहिल्याच दिवशी, हसतमुखाने आणि सर्वांसमक्ष, "शिपाईमामांना सांगते" एवढे म्हणावे. पुढच्या वेळी बहुधा विचारणा होत नाही.

किनाऱ्यावरील उपकेंद्रांतील वैद्यांनी आणखी एक मागणी एकत्रितपणे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांपुढे ठेवावी. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते, नौका शाकारलेल्या असतात आणि खलाशी नारळी पौर्णिमेपर्यंत घरी असतात. या दोन महिन्यांपुरता प्रत्येक किनारी प्राथमिक आरोग्य केंद्रामागे एक नोंदणीकार द्यावा आणि वैद्याला सायंकाळी कोळीवाड्यात बसू द्यावे. वर्षभराच्या उद्दिष्टातील पुरुषांचा आकडा याच काळात भरून निघू शकतो. प्रस्ताव एप्रिलमध्ये द्यावा लागेल. मे महिन्यात सर्व जण रजेवर असतात.