नाटकमंडळीचा संच आणि उपनगरांतील नाट्यगृहे

एकाच नटसंचाने एका मुक्कामात निरनिराळी नाटके आलटूनपालटून करणे, ही संगीत नाटकमंडळ्यांची रूढ रीत होती. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या संग्रही १८८२ चे ‘सौभद्र’, १९१६ चे ‘स्वयंवर’ व १९१९ चे ‘एकच प्याला’ ही नाटके होती. नट पगारी असत व एकत्र राहत. राजवाडा, अरण्य, रस्ता यांचे रंगविलेले पडदे अनेक नाटकांस चालत. त्यामुळे जुने नाटकही नटांच्या जिव्हाग्री राही.

बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे किंवा विलेपार्ल्याच्या दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहासारख्या उपनगरी रंगमंदिरांतही नाटके आलटूनपालटून होतात; परंतु ती भिन्न निर्मितिसंस्थांची असतात. नटास मानधन प्रयोगागणिक मिळते व नेपथ्य त्या त्या नाटकापुरते उभारले जाते. म्हणजे फेरपालट मंडळीकडून नाट्यगृहाकडे गेला. प्रेक्षकास विविधता लाभली खरी. पण प्रयोग थांबताच संच पांगतो. संहिता छापील उरली, तरी तिच्यातील विराम, आघात व उच्चार यांची मुखपरंपरा खंडित होते. नाट्यभाषेच्या अभ्यासकाने हा भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे.