जुन्या वास्तू आणि शेजारचा खड्डा
म्हैसूरच्या लॅन्सडाऊन इमारतीचा काही भाग २०१२ साली कोसळून चार माणसे मृत्युमुखी पडली. २०१६ साली देवराज बाजाराचाही एक भाग ढासळला. जीर्ण बांधकामात सहनशक्ती किती थोडी उरते, हे त्यावरून कळते. अशा वास्तूशेजारी तळघरासाठी खोल खड्डा खणला तर?

खणलेली माती आजवर बाजूच्या मातीला आधार देत असते. तो आधार गेला की उरलेली माती खड्ड्याकडे सरकते व वरची जमीन खचते. सबंध इमारत सारखी खचल्यास फारसे बिघडत नाही; एकच कोपरा अधिक खचला की भिंतींना तडे जातात.

म्हणून खोदण्यापूर्वीच जमिनीत काँक्रीटची भिंत उतरवितात आणि खणत जाताना तिला आडवे टेकू देतात. जुन्या भिंतीवरील प्रत्येक तड्याची आधी नोंद करणे हे काम क्षुल्लक दिसते. पण आमच्या मते ते सर्वांत महत्त्वाचे, कारण तडा जुना की नवा, हा वाद एरवी मिटत नाही.

लंडनमध्ये १९९० नंतरच्या दशकात वेस्टमिन्स्टरचे भुयारी स्थानक ३९ मीटर खोल खणले गेले. बिग बेनचा मनोरा तेथून जेमतेम ३४ मीटरांवर! त्याच्या पायाखालच्या मातीत नळ्या घालून, मोजमापे पाहत, सिमेंटचे पातळ मिश्रण दाबाने भरण्यात आले व मनोऱ्याचे कलणे आटोक्यात राहिले.

म्हैसूरला मातीखाली कठीण खडक लागतो. तेथे तो फोडताना बसणारे हादरे हाही मोठा धोका होय. सुरुंगाऐवजी खडक कापून काढावा, वास्तूच्या भिंतीवर कंपनमापक बसवावा, आणि काटा ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाताच काम थांबविण्याचा अधिकार जागेवरील अभियंत्यास असावा.